समुद्राच्या तापाची वही

१

नोंदवही सोमवारी सकाळी कपाटात नव्हती, आणि गुरुवारी समीक्षक येणार होते.

जयवंतराव कोटणिसांचा फोन आला तेव्हा निरुपमा दिघे छुंद्यासाठी कैऱ्या किसत बसल्या होत्या. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी मकरपुऱ्यातल्या त्या छोट्याशा संस्थेत आकडे तपासण्यात घालवली होती. बाईंच्या नजरेतून चुकीचा आकडा सुटत नाही, असं तिथे अजूनही म्हणत. जयवंतराव एवढंच म्हणाले, "निरुपमाताई, रिक्षा करा आणि या. हे काम तुमच्याशिवाय कोणाचं नाही."

खरं सांगायचं तर त्या सुखावल्या. हात धुतले, साडी बदलली आणि निघाल्या.

संस्थेचं काम ऐकायला सोपं होतं. उपग्रह वरून अरबी समुद्राची उष्णता टिपतो आणि त्यावरून इथे पाण्याच्या तापमानाचे नकाशे तयार होतात. पण उपग्रह काही पाण्याला हात लावत नाही. मध्ये हवा असते, विरळ ढग असतात, अरबस्तानातून उडत आलेली बारीक धूळ असते. त्यातून पाहताना समुद्र आहे त्यापेक्षा थंड दिसू शकतो. म्हणून वेरावळ बंदरातल्या पाच मासेमारी बोटींवर तापमापक बसवलेले होते. नकाशा खरा की खोटा, ते बोटीवरचा आकडा ठरवायचा. हे आकडे रोज फोनवर यायचे, वहीत उतरायचे आणि दर गुरुवारी वहीतून संगणकात भरले जायचे. तीन वर्षांची ती वही गेली होती. गुरुवारचे समीक्षक हेच आकडे तपासून नकाशे मान्य करणार होते, आणि मग ते वादळाच्या इशाऱ्यांसाठी बंदराला जाणार होते.

"कुलूप शाबूत आहे," जयवंतराव म्हणाले. संस्थेचे ते संचालक, वय सत्तरीकडे झुकलेलं, शर्टाची घडी अजून कडक. "किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी समरजितकडे, कारण वहीत लिहितो तो. मी तर गुरुवारी उत्कर्षने आकडे भरून घेतल्यावर कपाट उघडलंच नाही. वही अगदी भरत आली होती हो. वेरावळची एकोणतीस पॉइंट चार, त्याच्याखाली दोन ओळी राहिल्या होत्या. नवी वही आणून ठेवली होती मी."

"शनिवारी कोण होतं इथे?"

"समरजित. संध्याकाळी जड पिशवी घेऊन बाहेर पडला, वॉचमनने पाहिलं." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचं आणि तुमचं मागचं प्रकरण तुम्हाला आठवत असेलच."

निरुपमाताईंना आठवत होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच अहवालात लिहिलं होतं की समरजित मोहिते याचे तापमापक विश्वासार्ह नाहीत. त्यानंतर त्याला प्रयोगशाळेतून काढून मागच्या स्टोअरमध्ये बसवलं होतं.

"समरजितच असणार," त्या म्हणाल्या. किती पटकन म्हणाल्या, ते त्यांचं त्यांनाच नंतर खुपत राहिलं.

२

समरजित त्या दिवशी रजेवर होता, म्हणून त्या तरसालीला त्याच्या घरी गेल्या. त्याचे पणजोबा संस्थानी फौजेत होते. त्यांचा एक पिवळा पडलेला फोटो दाराशीच होता. समरजित स्वतः मात्र शिपाईगड्यासारखा दिसत नसे. बुटका, जाड चष्म्याचा, बोलताना समोरच्याच्या पायांकडे पाहणारा माणूस.

"या बाई, बसा," तो म्हणाला. बायकोने न विचारता ताकाचे ग्लास आणून ठेवले.

"शनिवारी पिशवीत काय होतं, समरजित?"

तो त्यांना स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत घेऊन गेला. तिथे एका रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि पाणी भरलेलं होतं आणि त्यात चार तापमापक बुडवून ठेवले होते. शेजारी चौकोनी वही. प्रत्येक यंत्राचा क्रमांक, तारीख, आणि पुढे एकच नोंद, शून्य. मागची पानं उलटली तर तेच. शून्य, शून्य, कुठे शून्य पॉइंट एक, आणि तिथे लाल शाईत 'पाठवू नये'.

"वितळणाऱ्या बर्फात शून्यच दाखवायला हवं," तो म्हणाला. "स्टोअरमध्ये फ्रीज नाही. म्हणून घरी आणतो. सोमवारी रजा टाकतो, मंगळवारी यंत्रं वेरावळला रवाना करतो."

"कधीपासून करतोस हे?"

"तुमचा रिपोर्ट आला तेव्हापासून. आठ वर्षं झाली."

निरुपमाताईंनी ताक एका घोटात संपवलं. वहीचा शोध घ्यायला आलेल्या बाईला हे काय दिसत होतं? इतकी काळजी घेणारा माणूस आपल्याच हाताने लिहिलेली वही का पळवेल?

"वही कुठे आहे, समरजित?"

"मला माहीत नाही. शनिवारी दुपारी शेवटची नोंद केली, कपाट लावलं, संध्याकाळी निघालो." तो जरा घुटमळला. "बाई, वही गेली म्हणून एवढं काय? आकडे तर सगळे संगणकात आहेत ना?"

हा प्रश्न त्यांना स्वतःला सकाळीच पडायला हवा होता.

३

मंगळवारी त्या मृदुलासमोर बसल्या. मृदुला तिशीची, पादरा गावाहून रोज बसने येणारी मुलगी. उपग्रहाच्या आकड्यांमधली चूक काढायची गणितं तिची. वही नाही हे सोमवारी तिनेच पाहिलं होतं.

"तू कपाटापाशी कशाला गेलीस?"

"वहीच हवी होती मला. शुक्रवारी सरांकडे मागितली होती, ते सोमवारी देतो म्हणाले. सोमवारी त्यांनी किल्ली दिली, मी कपाट उघडलं तर वही नाही." तिने खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, धुळीमुळे समुद्र थंड दिसतो ना, त्याची दुरुस्ती करणारं नवं गणित मी फेब्रुवारीत बसवलं. तीन वर्षांचे नकाशे त्यातून पुन्हा काढले. आता नकाशे बोटींच्या आकड्यांशी जास्त जुळायला हवेत की नाही? झालं उलटंच. जुने नकाशे छान जुळतात, माझे जुळत नाहीत. मीटिंगमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, मृदुलाबेन, तुमचं गणित घरी ठेवा. त्या दिवशी बसमध्ये रडले मी."

"एखादा दिवस दाखव. खूप धुळीचा."

मृदुलाने गेल्या वर्षीची एकोणीस मे काढली. वेरावळच्या समोरचं पाणी जुन्या नकाशात सत्तावीस पॉइंट एक, नव्या नकाशात एकोणतीस पॉइंट पाच. आणि संगणकातली बोटीची नोंद सत्तावीस पॉइंट तीन.

निरुपमाताईंनी चष्मा काढून पुसला. धूळ उपग्रहाच्या डोळ्यांत गेली होती. बोटीवरचा तापमापक पाण्यात होता. पाण्यातल्या यंत्राला आकाशातली धूळ कशी दिसेल? आणि हा एकच दिवस नव्हता. त्यांनी धुळीचे नऊ दिवस तपासले. नऊच्या नऊ दिवशी बोटीने उपग्रहाचीच चूक केली होती, जवळजवळ तेवढीच.

त्यांनी वेरावळला फोन लावला. कानजीभाई हे त्या बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. ते रोजचा आकडा फोनवर सांगायचे, आणि स्वतःच्या डायरीतही लिहून ठेवायचे.

"ओगणीस मे?" पानं उलटल्याचा आवाज आला. "हां बेन. ओगणत्रीस पॉइंट छ. बहु गरम हतुं पाणी."

एकोणतीस पॉइंट सहा. म्हणजे समुद्र गरम होता, कानजीभाईंनी खरं सांगितलं होतं, मृदुलाचं गणित बरोबर होतं. चूक वहीत किंवा संगणकात, कुठेतरी मुद्दाम केलेली होती. चुकीच्या नकाशावरून बोटीचा आकडा बनवला होता.

"आणि परवा शनिवारी किती सांगितलंत?" त्यांनी सहज विचारलं.

"ओगणत्रीस पॉइंट चार."

एकोणतीस पॉइंट चार. हा आकडा त्यांनी कुठेतरी ऐकला होता. फोन ठेवला तरी तो कानात घोळत राहिला. पण त्याआधी उत्कर्षला भेटणं भाग होतं, कारण वहीतून संगणकात आकडे भरायचा तो.

४

उत्कर्ष तांबे अठ्ठावीस वर्षांचा. हुशार, नीटनेटका, बोलायला गोड. शुक्रवारपासून तो आणंदला मावसभावाच्या लग्नात होता, सोमवारी दुपारी परतला होता. त्याच्याकडे किल्लीही नव्हती. वही त्याने नेलेली नव्हती, हे उघडच होतं.

"पण आकडे तू बदललेस," निरुपमाताई म्हणाल्या. "समरजितने बदलले असते तर वही आणि संगणक सारखेच दिसले असते, आणि वही नाहीशी व्हायचं कारणच नव्हतं. वहीत खरे आकडे आहेत, म्हणूनच ती कोणाला तरी नको आहे."

त्याने नाही म्हटलं नाही. पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या कागदांवर त्याने हात ठेवला.

"बदलले नाहीत मॅडम, दुरुस्त केले. दीड अंशापेक्षा जास्त फरक आला की तेवढेच. इथे तीच पद्धत आहे."

"कोणी सांगितली ही पद्धत?"

"सांगितली कोणीच नाही. मी नवीन होतो, विचारायची लाज वाटायची. म्हणून जुन्या फाइली वाचून शिकलो." तो खरोखरच गोंधळलेला दिसत होता. "तुमच्याच फाइलवरून, मॅडम."

त्याने संगणकावर ती उघडली. आठ वर्षांपूर्वीचा पहिला अहवाल. खालच्या तक्त्यात दोन रकाने होते, 'आलेली नोंद' आणि 'स्वीकारलेली नोंद'. छापलेल्या अहवालात पहिला रकाना नव्हता. तो फक्त या फाइलमध्ये राहून गेला होता. अकरा ओळींत दोन्ही आकडे वेगळे होते.

निरुपमाताईंना ती दुपार आठवली. आठवली म्हणणं खरं नाही. ती त्या कधी विसरल्याच नव्हत्या, फक्त तिच्याकडे पाहत नव्हत्या. अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते. अकरा नोंदी नकाशापेक्षा दोन दोन अंश गरम येत होत्या. उपग्रहावर त्यांचा इतका विश्वास होता की बोटच चुकते आहे याची त्यांना खात्री वाटली. आकडे बदलले. आणि कोणी विचारलंच तर कारण हवं, म्हणून शेवटी एक वाक्य लिहिलं: तापमापक विश्वासार्ह नाहीत. यंत्रं एकदाही तपासली नव्हती. समरजितला बोलावून विचारलंही नव्हतं.

अकराही तारखा मे-जूनच्या होत्या. धुळीच्या.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?" उत्कर्षने विचारलं. "पाणी आणू?"

"नको," त्या म्हणाल्या. त्याच्याकडून पाण्याचा ग्लास घ्यायचीही त्यांना लाज वाटली.

५

बुधवारी सकाळी त्या जयवंतरावांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"वही द्या, जयवंतराव."

ते हसले. "माझ्याकडे?"

"गुरुवारनंतर कपाट उघडलं नाही म्हणालात. आणि शेवटची नोंद एकोणतीस पॉइंट चार हेही तुम्हीच म्हणालात. ती नोंद शनिवारी दुपारची. उत्कर्ष गावाला होता, म्हणून ती संगणकात गेलेलीच नाही. वही सोडून ती कुठेच नव्हती. काल संध्याकाळी समरजितला विचारलं, साहेबांना तू सांगितलीस का? तो म्हणाला, साहेब माझ्याशी दिवाळीनंतर बोललेच नाहीत. कानजीभाई समरजितशिवाय कोणाला आकडा सांगत नाहीत. मग तुम्ही तो वाचलात कुठे?"

बाहेर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. जयवंतरावांनी टेबलाचा खालचा खण उघडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली वही काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. त्यांच्या कडक शर्टाला काखेत घाम आला होता.

"मृदुलाने मागितली म्हणून शनिवारी आधी मी चाळली," ते म्हणाले. "देवाशपथ सांगतो, तोवर मला माहीत नव्हतं. पण संगणकातून छापलेल्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. तीन वर्षं न वाचता केलेली. समीक्षकांनी वही मागितली असती तर?"

"म्हणून समरजित."

"तो दोन महिन्यांनी निवृत्त होतोय. त्याला काय फरक पडणार होता?"

"आणि मला का बोलावलंत?"

उत्तर मिळेपर्यंत निरुपमाताई उठेनात. शेवटी ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "दुसरं कोणी असतं तर चौकशी केली असती. समरजितच्या बाबतीत तुम्ही करणार नाही, असं वाटलं मला. मागे केली नव्हतीत."

इतक्या वर्षांत त्यांना कोणी असं बोललं नव्हतं. आणि बोललेलं खोटं नव्हतं. सोमवारी रिक्षात बसताना आपल्या नजरेची आठवण झाली म्हणून बोलावणं आलं, असं समजून त्या सुखावल्या होत्या. बोलावणं आलं होतं ते त्यांच्या आंधळेपणाला.

"निरुपमाताई, ऐका," जयवंतराव पुढे झुकले. "तुमचे ते अकरा आकडे मीही काल पाहिले. उद्या हे बाहेर आलं तर मी जाईन, उत्कर्ष जाईल, आणि तुमचं नावही जाईल. वही हरवली, एवढंच म्हणू. समरजितचं नाव घेणार नाही, शब्द देतो. मृदुलाचं गणित हळूहळू वापरात आणू. कोणाचं काय बिघडतं?"

त्या लगेच नाही म्हणाल्या नाहीत. हे नंतर त्यांनी स्वतःहून कबूल केलं. त्या क्षणी त्यांना ते पटलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी नाव जाणं म्हणजे काय, ते त्या मोजत बसल्या होत्या. मृदुलाशी, शेजाऱ्यांशी, मुंबईच्या सुनेशी काय बोलायचं?

"नकाशे जूनच्या आधी बंदराला जाणार आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"समीक्षकांनी मान्य केले की लगेच."

वादळाला जोर मिळतो तो गरम पाण्यातून. नकाशात पाणी दोन अंश थंड दिसलं तर येणारं वादळ मवाळ वाटेल. बंदरावर कोणीतरी तो नकाशा पाहील आणि कानजीभाईंना म्हणेल, जा, हरकत नाही. आणि कानजीभाईंनी तर आपल्या हाताने पाणी मोजून, गरम आहे म्हणून सांगितलेलं होतं.

त्यांनी वही उचलली आणि छातीशी धरून बाहेर आल्या. जयवंतराव मागे आले नाहीत.

६

गुरुवारी समीक्षक बाई बेंगळुरूहून आल्या. मीटिंगच्या खोलीत सगळे होते. निरुपमाताईंनी मुद्दाम स्टोअरमधून समरजितलाही बोलावून घेतलं होतं. तो दाराजवळच्या खुर्चीत टेकला होता, उठायच्या बेतात असल्यासारखा.

बोलायला त्या पहिल्या उभ्या राहिल्या. उत्कर्षचं किंवा जयवंतरावांचं काही सांगायच्या आधी त्यांनी आठ वर्षांपूर्वीचा तक्ता पडद्यावर लावला.

"या अकरा नोंदी मी बदलल्या," त्या म्हणाल्या. "आणि त्या लपवायला समरजित मोहिते यांच्या यंत्रांना दोष दिला. यंत्रं मी तपासली नव्हती. इथे जे पुढे झालं ते यातूनच शिकून झालं."

मृदुला टेबलाकडे पाहत होती. उत्कर्षचे कान लाल झाले होते. नंतर त्याने उठून आपलं आपण सांगितलं, आणि जयवंतरावांनीही, अगदी थोडक्यात. समीक्षक बाईंनी वही आणि संगणक शेजारी ठेवून तासभर तपासलं. नकाशे मान्य झाले नाहीत. मृदुलाचं गणित आणि वहीतले मूळ आकडे घेऊन सगळं पुन्हा करायचं, तोवर बंदराला काही पाठवायचं नाही, असा निर्णय झाला. जयवंतरावांनी त्याच दिवशी पद सोडायचं पत्र लिहिलं. उत्कर्षचं काय करायचं, ते नव्या संचालकांवर राहिलं.

खोली रिकामी झाल्यावर निरुपमाताई मागच्या स्टोअरकडे गेल्या. समरजित वेरावळला जायचं राहिलेलं खोकं बांधत होता.

"माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या.

त्याने सुतळीची गाठ मारली.

"बाई, मला वाटत होतं तुम्ही बरोबर असणार," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंत म्हणजे माझाच हात चुकत असेल. बर्फात शून्य यायचं, तरी वाटायचं की मला नीट वाचता येत नाही. डोळे तपासून आलो दोनदा. शेवटी शेवटी तर घरातलं दुधाचं मापसुद्धा बायकोला घ्यायला सांगायचो."

निरुपमाताईंना वाटलं होतं की तो रागावेल. त्या रागाची तयारी करून आल्या होत्या. याची तयारी नव्हती. आठ वर्षं त्याने त्यांच्यावर अविश्वास नाही, विश्वास ठेवला होता.

"मी काय करू, समरजित?"

"माफी बिफीचं मला समजत नाही," तो खोकं बाजूला ठेवत म्हणाला. पहिल्यांदाच त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मऊ नव्हती. "त्या अकरा दिवसांचे खरे आकडे अजून तुमच्या एका फाइलमध्येच आहेत. ती फाइल आता कोण खरी मानणार? तेव्हा बोटीवर कानजीभाईंचे वडील होते. तेही डायरी लिहायचे. त्यांना विचारा. का विचारताय तेही सांगा. त्यांचेही आकडे खोटे ठरवले होते तुम्ही."

त्याने स्टोअरमधलं एकुलतं स्टूल पुढे सरकवलं आणि स्वतः उभा राहिला.

निरुपमाताई बसल्या. पर्समधून कागद काढून त्यांनी अकरा तारखा एकाखाली एक लिहिल्या. कानजीभाईंना फोन लावून वडिलांना द्यायला सांगितलं. पलीकडे लाटांचा की वाऱ्याचा आवाज येत होता. मग एक म्हातारा, दमेकरी आवाज आला, "बोलो बेन."

समरजित समोरच उभा होता, हात बांधून.

"काका," त्या गुजरातीत म्हणाल्या, "माझं नाव निरुपमा. आठ वर्षांपूर्वी तुम्ही समुद्राचं तापमान सांगितलं होतंत, ते मी खोडलं होतं."



"कई तारीख?" म्हाताऱ्याने विचारलं, आणि त्या पहिली तारीख वाचू लागल्या.